‘मेसेज टाकला’ म्हणजे पाठवला की काढून टाकला?

प्रश्न : विलंब-सहिष्णू मोबाइल नेटवर्कवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. दोन फोन टप्प्यात आले तरच निरोप पुढे सरकतो, तोवर मधल्या फोनने तो जवळ बाळगायचा. जागा भरली की काही निरोप ‘ड्रॉप’ होतात. मी लिहिलं, ‘नोडने (म्हणजे जाळ्यातल्या एका फोनने) मेसेज टाकला’. वाचणाऱ्याने विचारलं, कुणाला? आता काय लिहू? आणि निरोप साठवायच्या त्या जागेला, ‘बफर’ला, काय म्हणू?

प्रतिसाद : त्याचं बरोबरच आहे. आपण पत्रही टाकतो नि मेसेजही टाकतो. ‘गाळणे’ घ्या, त्यात निवड आहे. फोनमध्ये दहाच निरोप मावतात आणि अकरावा आला, तर कोणता गाळायचा? सर्वांत जुना, की ज्याच्या प्रती आधीच पुष्कळ पसरल्यात तो? वाहदात आणि बेकर या संशोधकांच्या २०००च्या ‘एपिडेमिक’ पद्धतीत भेटेल त्याला प्रत द्यायची, त्यामुळे हा पेच पदोपदी. ‘स्प्रे अँड वेट’मध्ये प्रती मोजक्या. आठ असतील तर भेटलेल्याला चार, तो पुढच्याला दोन, मग एक. एकच उरली की ती थेट ज्याच्यासाठी निरोप आहे त्याच्याच हाती. साहजिकच गाळण्याची वेळ कमी येते.

प्रश्नकर्ती : मुदत संपून जातो तोही गाळलाच ना?

प्रतिसाद : छे, तो गळला. पान गळतं तेव्हा गाळणारा कुणी नसतो. ही जोडी मराठीत आयती आहे, सोडू नका.

‘बफर’ म्हटलं की वाचकाला अडकलेल्या व्हिडिओवरचं गोल चक्र दिसतं. इथे निरोप तासन्‌तास फोनसोबत हिंडतो. ‘कोठार’ हिंडत नाही. ‘शिदोरी’ हिंडते, पण ती आपणच संपवतो, निरोप तर परक्याचा. माझं मत ‘झोळी’ला.

दुसरा प्रतिसाद : झोळीने भिक्षा आठवते हो! सरळ ‘सोबतचा साठा’ लिहा. आणि लेखात ‘कस्टडी’, म्हणजे निरोप राखायची जबाबदारी, आली तर तिची कृपा करून ‘कोठडी’ करू नका (मी छापलेलं पाहिलंय). ‘जिम्मा’ चपखल बसतो. २००७च्या आरएफसी ५०५० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणारा दस्तऐवज) जिम्मा घेतलेल्या नोडने, पुढचा कुणी तो घेईपर्यंत, आपली प्रत राखायची असते. २०२२च्या आरएफसी ९१७१ मधून ही सोय वगळली. लेख नवा असेल तर शब्दाची गरजच नाही.

प्रश्नकर्ती : लेख २००९चा आहे. जिम्मा घेतला.