मदत हवी आहे: कोरोनात झोपेसाठी सुरू केलेली दारू सुटत नाहीये

नमस्कार. वेगळ्या आयडीने लिहितोय, समजून घ्या.

२०२० च्या आधी मी वर्षातून चार-पाचदा घेणारा माणूस होतो. लॉकडाउन लागला, नोकरीचं काही खरं नव्हतं, आईवडील दुसऱ्या गावी अडकलेले. रात्री बातम्या बघितल्या की छातीत धडधडायचं. एक पेग घेतला की डोळा लागायचा. एकाचे दोन झाले, मग क्वार्टर. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तेव्हाही रोजची क्वार्टर चालूच होती. आजही आहे.

बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवतो, आज इथपर्यंतच. सकाळी दारू रेघेच्या बोटभर खाली गेलेली असते. आणि झोप तरी कुठे लागते? पहाटे तीनला घामाघूम होऊन जाग येते. ज्या धडधडीसाठी प्यायला लागलो, तीच पुन्हा.

गेल्या शनिवारी थेंबही घेतला नाही. रविवारी सकाळी ओटीपी टाकताना बोटं इतकी थरथरली की तीनदा चुकला. दुपारी मळमळ. घाबरून संध्याकाळी परत घेतली.

आता काय करू? पुन्हा एकदम बंद करू का? डॉक्टरांकडे गेलो तर ऑफिसात कळेल, हीसुद्धा भीती आहे.

प्रतिसाद: दादा, एकदम बंद करू नका. माझ्या भावाची आम्ही घरीच सोडवायला गेलो, दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करायला स्वतःला जास्त चेतवत राहतो. दारू अचानक गेली की ते चेतवणं तेवढं उरतं. थरथर, घाम पहिल्या दिवसातच सुरू होतो, फिट बहुतेक ४८ तासांच्या आत येते, भास-भ्रम दोन-तीन दिवसांनी. जिवावर बेतू शकतं. मानसोपचारतज्ज्ञ काही दिवसांपुरत्या गोळ्या आणि बी१ जीवनसत्त्व देऊन नीट सोडवतात. किती पिता ते खरं सांगा, क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. मनाने झोपेची गोळी अजिबात घेऊ नका, दारूबरोबर तर नाहीच. आणि डॉक्टर पेशंटचं ऑफिसात सांगत नाहीत.

धागाकर्ता: मनापासून आभार. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. बायकोला आत्ताच सगळं सांगितलं, ती बरोबर येतेय. आज रात्रीचं काय करू, हे डॉक्टरांना फोनवरच विचारून घेतो. तिथे आणखी काय विचारायला हवं?