शेतीची यंत्रे विकणारे तुमच्याशी कसे वागले?

ट्रॅक्टर, फवारणी यंत्र किंवा मळणी यंत्र घेताना आणि घेतल्यानंतर विक्रेता तुमच्याशी कसा वागला, हे सविस्तर लिहावे, यासाठी हा धागा काढला आहे. सुरुवात मीच करतो. माझ्या विक्रेत्याने इंजिनाची अश्वशक्ती मोठ्या अभिमानाने सांगितली. परंतु रोटाव्हेटरला (माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराला) पीटीओतून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यातून, मिळणारी शक्ती तिच्याहून कमी असते, हे मला भारी जमिनीत रुंद रोटाव्हेटर उतरवून इंजिन दबू लागले तेव्हा कळले. माहितीपत्रकात दोन्ही आकडे होते आणि मी ते वाचले नाहीत, हा माझा दोष. तरीही जमीन कशी आहे आणि मागे कोणते अवजार जोडणार, एवढे तरी त्याने विचारायला हवे होते.

— आमची शेती मी पाहते. फवारणी यंत्र घ्यायला गेले तेव्हा भाऊ केवळ सोबतीला आला होता. पंपाचा दाब किती, नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडते, असे प्रश्न मी विचारत होते आणि विक्रेता उत्तरे भावाला देत होता. ‘मला यातले काही कळत नाही, तिलाच सांगा,’ असे भावाने म्हटल्यावरही त्याची नजर वळली नाही. मी यंत्र दुसरीकडे घेतले. तिथे टाकीत पाणी भरून, नोझलखाली मोजपात्र धरून मला उत्तर मिळाले.

— ऐन हंगामात बेलर, म्हणजे पेंढ्याचे गठ्ठे सुतळीने बांधणारे यंत्र, गाठी सोडू लागला. खरेदीपूर्वी दिवसातून दोनदा फोन करणारा विक्रेता ‘ते सर्व्हिसवाल्यांचे काम’ म्हणून मोकळा झाला. मेकॅनिकने मात्र फोनवरूनच सुतळीचा ताण तपासायला लावला आणि काम सुरू झाले.

— मी स्वतः बरीच वर्षे ही यंत्रे विकली आहेत. महिनाअखेरीस उद्दिष्ट अपुरे असले, की गरजेपेक्षा मोठे मॉडेल गळ्यात मारण्याचा मोह होतो, हे कबूल करतो. प्रात्यक्षिकासाठी आम्ही आधीच नांगरलेली मऊ जमीन निवडत असू. त्यामुळे आपल्याच शेतात, आपलेच अवजार जोडून ट्रॅक्टर चालवून पाहण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. मला अधिक खटकते ते पुढचे. अनेक ट्रॅक्टरांची पहिली सर्व्हिस 50 तासांच्या आसपास असते, कामाच्या घाईत ती राहून जाते आणि नंतर हमीचा दावा नाकारताना तेच कारण पुढे केले जाते. एका फोनने आठवण करून देता आली असती. पण यंत्र दुकानाबाहेर पडले की त्या ग्राहकाचे नाव माझ्या यादीतून निघत असे.