स्वस्त चाकू चालेल, पण डिझाइन उचललेला का चालवून घ्यायचा?

सह्यवाटा:
ट्रेकला कोणता चाकू न्यावा यावर 'स्वस्तमस्त' यांनी काल लिहिलं, ते वाचून रात्री झोप नीट लागली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गान्झो या चिनी कंपनीचा चाकू अमेरिकेतल्या बेंचमेडपेक्षा कितीतरी स्वस्त, कापतो तेवढाच, आणि 'नक्कल नक्कल' म्हणणाऱ्यांना फक्त आपला महागडा चाकू मिरवायचा असतो. वर शेवटी, 'आपल्या विळीचं डिझाइन तरी कोणाच्या बापाचं आहे?'

स्वस्त चाकूशी माझं भांडण नाही. माझ्या सॅकमध्ये दहा वर्षं ओपिनेल आठ नंबर हा मिटणारा फ्रेंच चाकू आहे. लाकडी मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं आणि १९५५ पासून चालत आलेली ती फिरती कडी. कडी फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. मोरा या स्वीडिश कंपनीचा कंपॅनियन घ्या, मूठ आणि म्यान प्लॅस्टिकचं, पण पातं असं की काकडीपासून ओल्या लाकडापर्यंत काहीही द्या. दोन्ही खिशाला परवडतात आणि दोन्हींनी कोणाचं काही उचललेलं नाही.

गान्झोची गोष्ट वेगळी. उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारं ॲक्सिस लॉक १९९८ साली बेंचमेडच्या ७१० या चाकूवर आलं. मॅकहेन्री आणि विल्यम्स या दोघांची ती कल्पना. पात्याच्या बुडाशी एक आडवा दांडा, मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतल्या खाचांत सरकणारा, आणि त्याला मागून रेटणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा. डावखुऱ्यालाही एका हाताने उघडता-मिटता येतं. पेटंटची मुदत संपायच्या कितीतरी आधी गान्झोने हेच 'जी-लॉक' म्हणून विकायला काढलं. त्यांचा जी७२९ हा चाकू तर स्पायडर्को या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या पॅरामिलिटरी २ शेजारी ठेवून बघा. लॉक एकाचं, अंग दुसऱ्याचं. पेटंटची मुदत संपल्यावर कर्शॉ आणि होग या कंपन्यांनीही त्याच धर्तीची लॉकं आपापल्या नावाने काढली. ते थांबले आणि मग घेतलं, म्हणून त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

स्वस्तमस्त:
माझंच नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. अमेरिकेतल्या कागदाच्या जोरावर चीनमधल्या कारखान्याला आणि सोलापूरच्या गिऱ्हाईकाला चोर ठरवू नका. गान्झोवाले फायरबर्ड नावाने स्वतःची डिझाइनंही काढतात, ती तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत.

मी कुरिअरच्या गोदामात काम करतो. दिवसाला शंभरेक खोकी फोडतो. तीन वर्षं एकच गान्झो वापरतोय, पातं अजून मधोमध बसतं, जराही हलत नाही. बेंचमेड घ्यायचा तर माझा महिन्याचा पगार जाईल. माझ्या हातात चांगली वस्तू पहिल्यांदा या 'चोर' कंपनीमुळे आली. ते तुम्हाला खुपतं का?

टूलरूम:
दोघेही लॉक आणि पेटंटवर अडकलात. चाकू कापतो तो पात्याच्या पोलादावर आणि त्याहून जास्त हार्डनिंगवर, म्हणजे ते भट्टीत तापवून कठीण करण्यावर.

भोसरीत डाय, म्हणजे कारखान्यातले साचे, बनवण्यात माझी बावीस वर्षं गेली. आजकाल स्वस्त चाकूंवर ज्या दिमाखात 'डी२' छापतात, ते आमच्याकडचं रोजचं एचसीएचसीआर, म्हणजे जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं पोलाद. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. आकडा बघून लोकांना वाटतं स्टेनलेस आहे. नाही. त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जुळून कार्बाइडमध्ये अडकून बसतं, गंज रोखायला उरतं ते कमी. पावसाळी ट्रेकला ओला चाकू तसाच म्यानात ठेवा, दुसऱ्या दिवशी तांबडे ठिपके दिसतील. कोकणातल्या हवेत ४४०सी हे स्टेनलेस पोलाद बरं.

आणि छापलेल्या नावावर जाऊ नका. पुतण्याने डी२ लिहिलेला एक चाकू आणला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. नायलॉनची दोरी कापताना धार वळली. कामावर नेऊन कठीणपणा मोजायच्या रॉकवेल यंत्रावर लावला तर ५३. ते पोलाद ५८-६० ला यायला हवं. पोलाद खरं असेलही, पण भट्टीचं काम कोणीतरी उरकून टाकलं होतं. असल की नक्कल यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

कड्यावरचा:
टूलरूम, तुमचं म्हणणं पटतं, पण लॉक दुय्यम नाही हो. हरिश्चंद्रगडावर, नळीची वाट चढून वर आल्यावर, तंबूची दोरी कापत होतो. असल्याच नकली लॉकचा चाकू. आतली एक स्प्रिंग आधीच तुटली होती, मला पत्ता नाही. पात्याच्या पाठीवर जोर आला आणि पातं तर्जनीवर मिटलं. चार टाके. अजून थंडीत ते बोट पूर्ण वाकत नाही.

स्वस्तमस्त:
त्या तारा बेंचमेडच्या चाकूतही तुटतात. महागड्यात तुटली की दुर्दैव, स्वस्तात तुटली की चोरीचं फळ? वापरायच्या आधी लॉक तपासायचं असतं. तुमच्या बोटाचं वाईट वाटतं, पण पुरावा म्हणून ते चालणार नाही.

कड्यावरचा:
माझं बोट पुराव्यासाठी नव्हतं. भाषा जपा.

कमानपाटा:
विळीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्या भाता आहे. वडील ट्रकच्या कमानपाट्यापासून कोयते, विळे, खुरपी करायचे, आता भाऊ करतो. स्वस्तमस्त, तुम्ही आमची विळी त्या कंपनीपुढे ढालीसारखी धरलीत, त्याचा राग आलाय.

विळ्याचा आकार आम्ही कोणाचा उचलला नाही. तो रानातून आला. भातकापणीचा विळा वेगळा, गवताचा वेगळा, उसाचा कोयता अजून वेगळा. ज्याच्या हातात जायचा त्याची उंची आणि मनगट बघून वडील वाक ठरवायचे. लोहाराचं स्वतःचं काय असतं? पाणी देणं. तापलेल्या पात्याचा रंग किती उतरला की बुडवायचं आणि किती वेळ धरायचं, ते आजोबांनी वडिलांना भट्टीपुढे उभं करून शिकवलं. धार उतरली की शेतकरी तेच खुरपं शेवटून, म्हणजे ठोकून पुन्हा धार करून घ्यायला आमच्याच दारात येतो. चुकलं असेल तर तोंडावर बोलतो. तुमच्या जी-लॉकवाल्याच्या दारात कोण जाणार?

आणि कोयता गँगच्या बातम्या सुरू झाल्यापासून साधा कोयता मागायला आलेला माणूसही इकडेतिकडे बघतो. यावर लिहायला कोणी नाही.

खवणी:
कमानपाटा दादा, अगदी बरोबर बोललात. प्रदर्शनातून एक चकचकीत स्टेनलेस विळी आणली होती. पहिल्याच आठवड्यात फणस कापताना पातं पाटाशी डुगडुगायला लागलं. आईची लोखंडी विळी अजून आहे, पातं झिजून अर्ध्या रुंदीचं झालंय, तरी कोथिंबीर अशी चिरते की रस निघत नाही. पाय पाटावर ठेवला की दोन्ही हात मोकळे. हे कोणत्या चाकूला जमतं?

टूलरूम:
ताई, विळीचं कौतुक मान्य, पण ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी काय करायचं? माझ्या आईला डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. ओट्यावर चाकूच लागतो.

खवणी:
ओट्यावर बसवायच्या विळ्याही मिळतात. आणि ज्या बायकांनी जन्मभर विळीवर चिरलं त्यांना चाकू दिला की बोटं कापून घेतात, हेही बघा. माझ्या सासूबाईंचा अंगठा त्यातच गेला होता. आमच्या गल्लीत धारवाला यायचा, सायकल स्टँडवर लावून पायडल मारत सहाण फिरवायचा. तीन वर्षं झाली, आला नाही. बोथट विळी टाकायची आणि नवी आणायची, हेच चाललंय घरोघरी.

स्वस्तमस्त:
विळीच्या गाडीतून मूळ मुद्दा कुठे गेला?

सह्यवाटा:
मूळ मुद्द्याचं उत्तर कमानपाटा यांनी माझ्यापेक्षा चांगलं दिलंय. विळा पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचा, तो कोणीही घडवावा. ॲक्सिस लॉक दोन माणसांनी डोकं चालवून काढलं, आणि ती दोघं कोण ते आपल्याला माहीत आहे. हे दोन्ही एका तराजूत घालू नका.

एक मान्य करतो. गोदामात राबणाऱ्या माणसाने गान्झो घेतला म्हणून त्याला चोर म्हणणं चूक. मी तसं म्हटलं नव्हतं, पण वाचताना तसं वाटलं असेल तर शब्द माझेच. माझा राग विकणाऱ्यावर आहे.

स्वस्तमस्त:
ठीक. जी७२९ चं अंग पॅरामिलिटरीचंच आहे. काल दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघितले. नाकारत नाही. पण माझा चाकू मी फेकणार नाही, आणि पुढचा घेताना त्यांचंच स्वतःचं डिझाइन बघेन. ओपिनेल एका हाताने उघडत नाही, माझ्या दुसऱ्या हातात खोकं असतं.

कड्यावरचा:
एका हाताने उघडायचा असेल तर लॉकच्या स्प्रिंगा महिन्यातून एकदा बघत जा. दांडा दोन्ही बाजूंनी सारखा रेटतो का, ते अंगठ्याला कळतं.

स्वस्तमस्त:
बघतो. आणि कालचं ते पुराव्याचं वाक्य मागे घेतो.

खवणी:
कमानपाटा दादा, आईच्या विळीचं पातं भावाकडे शेवटून मिळेल का? की फार झिजलंय म्हणून नवंच बसवावं लागेल?

कमानपाटा:
ताई, पातं पाटावरून काढून आणा. किती उरलंय ते हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. पाट मात्र टाकू नका, तोच ठेवू.