जर्मन व्हॉल्व्ह रेडिओ: ईएल८४ लाल होतो, १०५.४ लागत नाही, आणि ब्लूटूथ कुठे जोडावा?

फोंडेकर_रेडिओ
नमस्कार मंडळी. १९५७च्या सुमाराचा जर्मन टेबल रेडिओ आहे, पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आलेला. पियानोसारखी बटणे, मागे पिकअपसाठी, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायला, ‘टीए’ सॉकेट. व्हॉल्व्ह: ईसीसी८५, ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, आउटपुटचा ईएल८४ आणि मॅजिक आय (स्टेशन नीट लागले का ते दाखवणारा) ईएम८०. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) म्हणजे चासीला, धातूच्या सांगाड्याला, स्क्रूने बसवलेला चपटा सेलेनियम, बी२५०सी७५. पॉवर ट्रान्सफॉर्मर वेगळ्या गुंडाळ्यांचा आहे, चासीचा लाईनशी संबंध नाही. मीटरने पाहिले आहे.

सुरू केल्यावर दहा मिनिटे बरा वाजतो, मग आवाज फाटतो आणि ईएल८४ची प्लेट लाल दिसू लागते. रीडिंग असे:
पिन २ (ग्रिड): +४ व्होल्ट
पिन ३ (कॅथोड): १०.५ व्होल्ट, कॅथोड रेझिस्टर १६० ओहम
पिन ७ (प्लेट): २३६ व्होल्ट
पहिल्या फिल्टर कंडेन्सरवर एचटी (व्हॉल्व्हना लागणारे उच्च डीसी व्होल्टेज): २४५, सर्किटवर लिहिलेली २७०
घरातली लाईन २४२ व्होल्ट, मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२०वर.

ईएल८४ नवा घ्यावा का? एफएमच्या पट्ट्यावर पणजी आकाशवाणीचे १०५.४ मेगाहर्ट्झ लागतच नाही, त्याला उपाय काय? आणि शेवटी ब्लूटूथ बसवायचा आहे, पण लाकडाला भोक न पाडता.

कथील_आणि_डाग
ईएल८४ घेऊ नका. आत्ता नवा लावलात तर तोही तसाच जळेल.

पिन २वर शून्य हवे. +४ आहे म्हणजे ईएबीसी८०च्या प्लेटकडून येणारा कपलिंग कंडेन्सर (आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा, डीसी अडवणारा) गळतो आहे. १० किंवा २२ नॅनोफॅरडचा, डांबरासारख्या काळ्या किंवा मेणाच्या आवरणाचा असेल. हिशेब करून पाहा: ग्रिड रेझिस्टर बहुतेक ६८० के आहे, त्यावर ४ व्होल्ट म्हणजे जेमतेम ६ मायक्रोअँपिअर. तेवढ्यानेच कॅथोडचा करंट ६५ मिलिअँपिअरवर गेला. प्लेटवर साधारण १३ वॅट उष्णता होते आहे, ईएल८४ची मर्यादा १२. असाच चालू ठेवला तर पुढचा बळी आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि तो मिळणे कठीण.

तो कंडेन्सर काढून मीटरच्या ओहम रेंजवर पाहाल तर चांगला वाटेल. गळती ११ मेगाओहमच्या आसपास आहे, शिवाय ती व्होल्टेज पडल्यावरच नीट दिसते. खरी चाचणी अशी: रेडिओ बंद, प्लग बाहेर, दोन्ही फिल्टर कंडेन्सर १० के ५ वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. कपलिंग कंडेन्सरचे ग्रिडकडचे टोक सोडवा आणि पुन्हा सुरू करून पिन २ मोजा. शून्य झाले तर दोष कंडेन्सरचा. +४ तसेच राहिले तर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे, मग मात्र नवा ईएल८४.

जागी ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर लावा, मूल्य तेच. आपल्या हवेत कागदी कंडेन्सर एकही राखू नये, पावसाळ्याची दमट हवा टोकांतून आत शिरते आणि कागद ओल धरतो. लाईन आणि चासीच्या मध्ये एखादा असेल तर तिथे वाय२ या सुरक्षा वर्गाचाच हवा, साधा नको. तो शॉर्ट झाला तर चासीला करंट येतो. मात्र सगळे एका बैठकीत बदलू नका. एक बदला, सुरू करा, मोजा. कथिलाचा चुकीचा डाग पडला तर लगेच कळते.

सिलेक्टर आधी २४०वर न्या. २२०वर ठेवून २४२ दिल्यामुळे फिलामेंटला ६.३ऐवजी ६.९ मिळत आहेत. ईएम८०ची हिरवी पट्टी अशानेच लवकर मंदावते.

पहिल्या चाचण्या सिरीज बोर्डवर करा, म्हणजे लाईन आणि रेडिओ यांच्या मध्ये सिरीजमध्ये ६० वॅटचा जुना फिलामेंट बल्ब लावून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत राहिला तर ताबडतोब बंद. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

म्हापसा_मीडियमवेव्ह
ब्लूटूथचे सोपे आहे. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालते, फिलामेंटचे ६.३ एसी आहेतच. चार डायोडचा ब्रिज, ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर), झाले काम.

कथील_आणि_डाग
@म्हापसा_मीडियमवेव्ह, हे करू देऊ नका. या सेटमध्ये फिलामेंटचे एक टोक चासीला आहे. ब्रिजचे निगेटिव्हही ऑडिओ वायरच्या स्क्रीनमधून (बाहेरच्या जाळीतून) चासीलाच येणार. म्हणजे ब्रिजमधला एक डायोड दोन्ही बाजूंनी चासीला आणि दुसरा अर्ध्या सायकलला थेट गुंडाळीवर शॉर्ट. डायोड उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तापतो. शिवाय ६.३मधून ७८०५ला पुरेसे व्होल्टेज उरत नाही.

मोबाईलचा चार्जरही आत नको. त्याची स्विचिंगची खरखर मीडियमवेव्हभर पसरते.

वेगळा ९-०-९, ५०० मिलिअँपिअरचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. मधली तार निगेटिव्ह, दोन १एन४००७ डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, मग ७८०५. मॉड्यूल ५० मिलिअँपिअरच्या आसपास घेत असेल तर ७८०५ला हीटसिंकही लागत नाही. हा पुरवठा चासीला कुठेही जोडू नका, जोड फक्त ऑडिओच्या स्क्रीनमधून, एकाच ठिकाणी. दोन ठिकाणी जोडलात की घुं आवाज आलाच.

सेट मोनो आहे. मॉड्यूलचे डावे आणि उजवे सरळ एकत्र पिळू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर भांडतात. प्रत्येकात ४.७ केचा रेझिस्टर घालून मग जोडा आणि टीएच्या गरम, म्हणजे सिग्नलच्या, पिनला द्या. तीन फुटांच्या आत शील्ड वायर. मॉड्यूल प्लॅस्टिकच्या डबीत घालून मागच्या पुठ्ठ्याला आतून, खालच्या कोपऱ्यात, ईएल८४पासून लांब. ट्रान्सफॉर्मर फ्यूजसकट बंद डबीत बाहेर ठेवा, त्याची ५ व्होल्टची वायर पुठ्ठ्याच्या हवेच्या भोकातून जाते. लाकडाला हात लागत नाही.

नवख्या वाचकांसाठी ठळक इशारा: यूसीएच८१, यूसीएल८२, यूवाय८५ असे ‘यू’चे व्हॉल्व्ह असलेल्या सेटमध्ये चासी बहुधा थेट लाईनवर असते. त्याच्या पिकअप सॉकेटला काही जोडण्याआधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

डिचोली_डायल
१०५.४ न लागणे हा बिघाड नाही. त्या काळच्या जर्मन सेटचा यूकेडब्ल्यू (एफएम) पट्टा साधारण ८७ ते १०० मेगाहर्ट्झच. ९२.७ लागत असेल तर तुमचा एफएम विभाग ठणठणीत आहे.

ईसीसी८५च्या (एफएम ट्यूनरच्या) डब्यातला ऑसिलेटर ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा कंडेन्सर, सरकवून पट्टा वर नेता येतो, पण डायलवरचे आकडे खोटे ठरतात आणि खालची स्टेशने जातात. ट्रिमर पुरला नाही तर कॉइलचे वेढे फाकवावे लागतात. इतका अस्सल सेट असताना तिथे हात घालू नये असे मला मनापासून वाटते. पणजी आकाशवाणी ‘न्यूजऑनएअर’ अॅपवर मिळते, ब्लूटूथ बसला की तीच याच स्पीकरवर ऐका. तरी करायचेच असेल तर आधी ट्रिमरच्या जागेवर रंगाची रेघ ओढा.

अँटेनाकडे मात्र लक्ष द्या. मागे २४० ओहमचे द्विध्रुव (डायपोल) अँटेनाचे सॉकेट असेल. जुन्या टीव्हीची ३०० ओहमची चपटी वायर १.४ मीटर घ्या, दोन्ही टोकांच्या तारा आपसात जोडा, मध्यावर एकच तार कापून तिथून तीच वायर सेटपर्यंत आणा.

फोंडेकर_रेडिओ
टोक सोडवल्यावर पिन २ शून्य. नवा २२ नॅनोफॅरड ६३० व्होल्ट लावला, सिलेक्टर २४०वर. कॅथोड ६.६, प्लेट लाल होत नाही. एचटी मात्र आता २३८. आणि बटण दाबल्यावर कधी आवाज येतो, कधी फक्त कर्रकर्र.

कथील_आणि_डाग
६.६ भागिले १६० म्हणजे ४१ मिलिअँपिअर, उत्तम. ओझे कमी होऊनही एचटी २७०पर्यंत येत नाही, तेव्हा सेलेनियम थकला आहे. तो जळताना कुजक्या मुळ्यासारखा वास येतो आणि धूर विषारी असतो, वास आला तर खिडक्या उघडून खोलीबाहेर व्हा.

जागी चार १एन४००७चा ब्रिज. सिलिकॉनमध्ये व्होल्टेज फारसे पडत नाही, म्हणून ब्रिजचे पॉझिटिव्ह आणि पहिला कंडेन्सर यांच्यात १०० ओहम ५ वॅटचा वायरवाउंड घाला. मोजा, २७०च्या वर गेले तर १५० करा. फिल्टर कंडेन्सरही आताच: ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन. व्हॉल्व्ह तापेपर्यंत एचटी ३५०पर्यंत चढू शकते, म्हणून ३५० व्होल्टचे नकोत. जुना ॲल्युमिनियमचा डबा शोभेला राहू द्या, पण त्याच्या तारा पूर्ण सोडवा. नवा समांतर लावून जुना तसाच ठेवला तर गळती कायम राहते.

बटणांच्या चांदीच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील. ९९ टक्के आयसोप्रोपाइलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी मिटलेल्या संपर्कातून ओढा, कागद काळा येईल, पांढरा येईपर्यंत ओढा. डब्यातून फवारा मारू नका. तेल कॉइलच्या मेणात शिरते आणि धूळ धरून ठेवते. पॉलिश पेपर तर मुळीच नको, चांदीचा थर पातळ असतो.

डिचोली_डायल
पावसाळ्याचे राहिले. सेट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. जून ते सप्टेंबर एक दिवसाआड तासभर वाजवा, व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओल निघते. महिनाभर बंद राहिला असेल तर पहिल्यांदा सिरीज बोर्डवरच. मागचा पुठ्ठा काढून ठेवू नका, कोळी आणि वाळवी दोन्ही तिथूनच शिरतात.

फोंडेकर_रेडिओ
ब्रिज आणि १०० ओहम लावले, एचटी २६६. कागद तिसऱ्या पट्टीला पांढरा आला, कर्रकर्र गेली. आता ९-०-९ आणायला जातो. देव बरें करूं.