जुजू-मास: सबनेट तितक्या स्पेस करायच्या, की ट्रॅफिकच्या प्रकारानुसार?

प्रश्न
मासवर (सर्व्हरवर ओएस आणि नेटवर्क बसवणारं साधन) सहा सर्व्हर, दोन रॅकमध्ये तीन-तीन. प्रत्येकाला २५ गिगाबिटच्या दोन पोर्टचा एकच बॉण्ड (पोर्ट जोडून केलेली एक लिंक). जुजूने (ॲप्लिकेशन डिप्लॉय करणारं साधन) सेफ (अनेक सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज) बसवायचंय. स्टोरेजला रॅक १ मध्ये १०.२०.१०.०/२४, रॅक २ मध्ये १०.२०.११.०/२४, रेप्लिकेशनचीही (डेटाच्या प्रती पाठवण्याची) अशीच जोडी. चारही सबनेटना वेगळी स्पेस (जुजू-मासमधला सबनेटचा गट) द्यायची का?

उत्तर १
चार नको, ‘स्टोरेज’ आणि ‘रेप्लिकेशन’ या दोनच करा. स्पेस ट्रॅफिकच्या प्रकाराची असते, रॅकची नाही. चार केल्यात तर प्रत्येक रॅकसाठी ओएसडीचं (सेफचा डिस्क सांभाळणारा भाग) वेगळं ॲप्लिकेशन सांभाळत बसाल. मात्र एका स्पेसमधल्या सबनेटमध्ये आपसात राउटिंग हवंच, जुजू ते गृहीत धरतो.

मासमध्ये स्पेस व्हीलॅनला (एकाच वायरीवरचं वेगळं आभासी नेटवर्क) लावतात, सबनेटला नाही. लावली की जुजूत रिलोड-स्पेसेस चालवा. सेफ-ओएसडी डिप्लॉय करताना पब्लिक एंडपॉइंट (ॲप्लिकेशनचं जोडणीचं टोक) ‘स्टोरेज’ला आणि क्लस्टर ‘रेप्लिकेशन’ला बाइंड करा. सेफ-मॉनचा (सेफचे मॉनिटर) पब्लिकही ‘स्टोरेज’लाच. तो राहिला तर मॉनिटर भलत्याच सबनेटचा पत्ता धरतात आणि चालू क्लस्टरमध्ये तो बदलणं फार जिकिरीचं असतं.

उत्तर २
डिप्लॉयआधी मासमध्ये प्रत्येक मशीनचे इंटरफेस उघडून बघा. व्हीलॅन इंटरफेस आहे पण आयपी मोड ‘अनकॉन्फिगर्ड’ राहिलाय, हे सर्रास घडतं. मग त्या मशीनला त्या सबनेटचा पत्ताच मिळत नाही. मोड ‘ऑटो असाइन’ ठेवा.

दोन रॅकमुळे आणखी एक: डिफॉल्ट गेटवे मशीनला एकच हवा. रेप्लिकेशनच्या सबनेटना गेटवे देऊ नका, मासमध्येच समोरच्या रॅकसाठी स्टॅटिक राउट टाका.

उत्तर ३
एकाच बॉण्डवर व्हीलॅन पाडून बँडविड्थ वाढत नाही. पूलचा साइझ ३ (डेटाच्या तीन प्रती) असेल तर क्लायंटने लिहिलेला प्रत्येक बाइट प्रायमरी ओएसडी आणखी दोघांना पाठवतो, तोही याच वायरींवरून. त्यामुळे इथे वेगळं क्लस्टर नेटवर्क न करता सगळं ‘स्टोरेज’वर चालवलं तरी माझ्या मते चालेल.

प्रश्नकर्ता
पुढे दुसरं कार्ड येणार आहे, म्हणून वेगळंच ठेवतो. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००० ठेवू ना?

उत्तर २
ठेवा, पण बॉण्ड, व्हीलॅन, स्विच पोर्ट आणि दोन रॅकमधला राउटर, सगळीकडे. एखादा पोर्ट १५०० वर राहिला तर साधा पिंग जातो, पण पीजी (सेफचे डेटाचे गट) पीअरिंगमध्ये, म्हणजे ओएसडींच्या आपसातल्या जुळवणीत, अडकतात. पिंगला ‘-एम डू -एस ८९७२’ देऊन तपासा (९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा). एका रॅकमध्ये गेला म्हणून थांबू नका, रॅक १ वरून रॅक २ लाही मारा.