९ रेटिंगवाली एलिमेंटरी की ६ वाली? सगळ्या मुलांना नीट शिकवणारी शाळा ओळखायची कशी?

ईशाची_आई
नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात घर बघतोय, लेक ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल. दोन घरं आवडलीत, दोन्हीच्या शाळा वेगळ्या, नावं इथे टाकत नाही. पहिली शाळा झिलोवर (घरं शोधायची वेबसाइट) १० पैकी ९ दाखवते, तिथे बहुतेक मुलं भारतीय आणि चिनी. दुसरी ६ दाखवते, तिथे मेक्सिकन, फिलिपिनो, व्हिएतनामी, ब्लॅक, थोडे आपले लोक अशी सगळी मिसळ आहे आणि बऱ्याच मुलांच्या घरी इंग्लिश बोलत नाहीत. नवरा म्हणतो ९ म्हणजे ९, अजून काय बघायचंय. पण मला सारखं वाटतंय की ज्या घरात क्लासेस लावायला पैसे नाहीत किंवा आईबापांना इंग्लिश येत नाही, त्या मुलांना शाळा कशी शिकवते त्यावरून शाळा कळते ना? आमच्या घरी तर पूर्ण मराठी आहे. असं कंपेअर करायचं कसं, कुणी केलंय का?

आकडेवाला_दादा
ताई, प्रश्न एकदम बरोबर विचारलात, बहुतेक लोक घर घेऊन झाल्यावर विचारतात. झिलोवरचा तो आकडा ग्रेटस्कूल्स नावाच्या, शाळांना रेटिंग देणाऱ्या संस्थेचा असतो. त्यात टेस्ट स्कोअरचा वाटा मोठा आणि टेस्ट स्कोअर बराचसा घरच्या परिस्थितीवर जातो, म्हणजे ९ मधलं शाळेचं किती आणि कुमॉनसारख्या बाहेरच्या क्लासचं किती हे त्या आकड्यातून कळतच नाही. २०१७ पासून ते इक्विटीचं, म्हणजे मागे राहणाऱ्या ग्रुपच्या मुलांचं कसं चाललंय त्याचं, वेगळं रेटिंग देतात, शाळेच्या पानावर खाली स्क्रोल केलंत की दिसेल, आधी ते बघा.

मग कॅलिफोर्निया स्कूल डॅशबोर्ड उघडा, सरकारी आहे, फुकट आहे. लाल ते निळा असे पाच रंग असतात, लाल सगळ्यात वाईट, निळा सगळ्यात चांगला. वरचे सगळ्या मुलांचे मिळून दिलेले रंग सोडून द्या, खाली 'स्टुडंट ग्रुप्स' मध्ये जा. तिथे हिस्पॅनिक, आफ्रिकन अमेरिकन, इंग्लिश लर्नर (घरी दुसरी भाषा असलेली, अजून इंग्लिश शिकणारी मुलं), गरीब घरातली मुलं असं वेगवेगळं दिसतं आणि प्रत्येक ग्रुप त्या इयत्तेच्या अपेक्षित पातळीच्या किती पॉइंट वर किंवा खाली आहे तेही दिसतं. आता ९ वाल्या शाळेतली हिस्पॅनिक मुलं ६ वाल्या शाळेतल्या हिस्पॅनिक मुलांच्या शेजारी ठेवून बघा, कधीकधी चित्र पार उलटं निघतं. अशी फोड करून दाखवणं २००२ च्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्यापासून सगळ्या शाळांना बंधनकारक झालं, त्याआधी एका सरासरीखाली सगळं झाकून जायचं. २०१५ ला तो कायदा गेला पण ही अट राहिली आणि माझ्या मते त्या कायद्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

एक अडचण आहे. ग्रुपमध्ये ११ पेक्षा कमी मुलं असली की आकडाच दाखवत नाहीत आणि रंग मिळायला साधारण ३० मुलं लागतात. त्यामुळे ९ वाल्या शाळेत ब्लॅक मुलांचा कॉलम रिकामा दिसला तर 'सगळं ठीक आहे' असं समजू नका, तिथे कुणी मोजलेलंच नाही एवढाच त्याचा अर्थ. शिवाय टेस्ट तिसरीपासून सुरू होते, त्यामुळे पहिल्या तीन वर्षांत काय चाललंय ते या आकड्यांत येत नाही.

आणि स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांच्या टीमचा एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्ट बघा. त्यात सरासरी स्कोअर वेगळा आणि मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात ते वेगळं दाखवलंय. सरासरी स्कोअर श्रीमंतीला चिकटून चालतो, पुढे सरकण्याचा वेग मात्र फार कमी चिकटतो. त्यांच्याच कामात दिसलं की शिकागोच्या सरकारी शाळांतली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत साधारण सहा वर्षांइतकं शिकत होती, आणि शिकागोचे सरासरी स्कोअर बघून कुणी तिकडे घर घेतलं नसतं.

सॅन_होजेकर
आकडेवाला_दादा, माहिती छान, पण मी ताईंच्या मिस्टरांच्या बाजूने. शेवटी मुलीचे मित्रमैत्रिणी कोण, पीटीए (पालक-शिक्षक संघटना) किती पैसे जमवते, सायन्सची वेगळी टीचर आहे का, याने रोजचा फरक पडतो. ९ वाल्या शाळेत हे सगळं असतं. दुसऱ्यांच्या मुलांचे आकडे बघून आपल्या मुलीची शाळा ठरवायची हे मला पटत नाही. आणि घर विकायची वेळ आली की समोरचा तोच ९ बघणार आहे.

चौथीची_टीचर
मी इथल्या एका पब्लिक एलिमेंटरीत बरीच वर्षं शिकवतेय. सॅन_होजेकर, पीटीएच्या पैशाचा मुद्दा मान्य, फरक पडतोच. पण 'दुसऱ्यांची मुलं' हे नाही पटलं. ज्या शाळेला मागे पडलेलं मूल ओळखून वर आणायची सवय आहे, तिथे तुमचं मूल एखाद्या वर्षी कशात अडकलं तर लगेच लक्षात येतं. जिथे सगळी मुलं बाहेरच्या क्लासला शिकूनच येतात तिथे अडकलेलं मूल कित्येक महिने कुणाच्या नजरेत येत नाही, वर आईबापांना सांगतात की घरी जास्त प्रॅक्टिस घ्या.

ईशाची_आई, आकडे बघाच, पण शाळेत जाऊन हे विचारा. इंग्लिश लर्नर मुलांपैकी किती जण दरवर्षी रीक्लासिफाय होतात, म्हणजे इंग्लिश पुरेसं आलं म्हणून त्या यादीतून बाहेर पडतात, आणि पाचवी संपेपर्यंत किती राहून जातात? पुढे सहा वर्षं उलटूनही त्याच शिक्क्यात राहिलेल्या मुलांना लाँग टर्म इंग्लिश लर्नर म्हणतात आणि त्याची मुळं एलिमेंटरीतच असतात. डॅशबोर्डवर इंग्लिश लर्नरच्या स्कोअरमध्ये नुकती रीक्लासिफाय झालेली मुलंसुद्धा धरलेली असतात म्हणून तो बरा दिसतो, तिथेच खाली 'करंट इंग्लिश लर्नर्स' वेगळे दिलेत ते वाचा. २१ किंवा जास्त इंग्लिश लर्नर असले की शाळेला त्यांच्या पालकांची कमिटी, ईलॅक, काढावीच लागते. ती शेवटची कधी भेटली, दुभाषी होता का, एवढं ऑफिसात विचारा. पटकन उत्तर मिळालं तर ती कमिटी खरी आहे.

आणि सस्पेन्शन बघायला विसरू नका, तेही ग्रुपनुसार मिळतं. २०११-१२ च्या देशभराच्या सरकारी आकड्यांत प्रीस्कूलमध्ये ब्लॅक मुलं १८ टक्के होती पण एकापेक्षा जास्त वेळा सस्पेंड झालेल्यांत ४८ टक्के. तीनचार वर्षांची पोरं हो ती! आता कॅलिफोर्नियात पाचवीपर्यंत 'ऐकत नाही' एवढ्यावरून सस्पेंड करता येत नाही, पण एखाद्या शाळेत एकाच ग्रुपचा आकडा वर असेल तर स्टाफचा त्या मुलांकडे बघण्याचा दृष्टिकोन कळतो.

गिफ्टेड प्रोग्रॅम (हुशार मुलांसाठी वेगळा अभ्यास) असेल तर टेस्ट सगळ्यांची घेतात की टीचरने नाव सुचवलेल्यांचीच, हेही विचारा. फ्लोरिडात ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये दुसरीच्या सगळ्या मुलांची चाचणी घ्यायला सुरुवात केली आणि त्यात बसणारी ब्लॅक आणि हिस्पॅनिक मुलं झटकन वाढली. मुलं आधीही हुशार होतीच, त्यांचं नाव कुणी पुढे करत नव्हतं.

ईशाची_आई
बापरे, केवढं सांगितलंत, खूप आभार! काल रात्री दोघांनी बसून डॅशबोर्ड बघितला. ६ वाल्या शाळेत हिस्पॅनिक आणि इंग्लिश लर्नर दोन्ही ग्रुप हिरवे, ९ वालीत इंग्लिश लर्नर केशरी. नवरा गप्प बसून बघत होता, आता दोन्ही शाळांत जाऊ म्हणतोय. अजून एक विचारते. ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये घरची भाषा विचारतात, तिथे मैत्रिणी म्हणतात की इंग्लिशच लिही, मराठी लिहिलंस तर पोरगी ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्लिश शिकवायच्या वेगळ्या वर्गात, अडकेल. खरं आहे का?

चौथीची_टीचर
नका हो असं करू, मराठीच लिहा. फॉर्ममधल्या घरच्या भाषेच्या पहिल्या तीन प्रश्नांपैकी एकाचं जरी उत्तर इंग्लिश सोडून दुसरी भाषा असेल तर ३० दिवसांत इनिशियल एलपॅक नावाची छोटी टेस्ट होते. ईशाला इंग्लिश चांगलं येत असेल तर तिथेच विषय संपतो. कमी पडलं तर शाळेला तिला मदत द्यावीच लागते, आणि हा हक्क सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या घरच्यांनी १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून मिळवलाय, लाउ विरुद्ध निकोल्स केस. इंग्लिश लिहिलंत आणि पोर वर्गात गप्प बसली तर तिला भाषा कळत नाही की स्वभावच लाजरा आहे हे आम्हाला ओळखता येत नाही. टेस्टच्या आधी घरी शांतपणे सांगा की एक टीचर चित्रं दाखवून प्रश्न विचारेल, मोठ्याने बोलायचं. आपल्या बऱ्याच मुली अनोळखी माणसासमोर तोंडच उघडत नाहीत आणि सगळं येत असून मार्क जातात.