कोबी-बेकनला तेल कशाला?

कोबी-बेकनच्या एका पाककृतीत तेल कडकडीत तापवून त्यात बेकन (डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या) टाका असं लिहिलंय, ते काही पटलं नाही. बेकन गार पॅनमध्येच पसरायचं आणि मंद आचेवर ठेवायचं, चरबी आपोआप सुटते, कोबी त्यातच परतायचा. गरम तेलात टाकलं की कडा करपतात आणि मधली चरबी तशीच चिवट राहते. कुरकुरीत तुकडे बाजूला काढून शेवटी घाला, नाहीतर कोबीच्या पाण्यात मऊ पडतात.

कोबी फार शिजवू नये असंही त्यात आहे, त्याला मात्र सहमत, तो उग्र गंधकासारखा वास जास्त शिजवल्यानेच येतो. आणि मीठ! मी एकदा सवयीने आधीच घातलं, बेकन मुळात खारवलेलं, त्यात पॅनभर कोबी आळून निम्मा झाला, घासही खाववेना. आता चव बघूनच घालते, उतरवताना चमचाभर व्हिनेगर.